पाऊलगाळणी

आमच्या गिरिभ्रमण मंडळात नवा माणूस आला की भाऊकाका गायधनी त्याच्या हातात वेळूची एक काठी ठेवायचे. खाली लोखंडी अणी, वर मुठीला गुंडाळलेली सुतळी. "ही टेकायला नाही," ते बजावायचे. "टेकायची वेळ आली की बाजारातून दुसरी आणा. ही रोवायला आहे."

नियम असा होता. अवघड जागा आली, निसरडा कडा, फुगलेला ओढा, काहीही, आणि एखाद्याला पुढे जावंसं वाटलं नाही, तर त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. दोन्ही हातांनी काठी उचलून जमिनीत रोवायची आणि एक पाऊल मागे सरायचं. काठी उभी राहिली की अख्खी तुकडी परत. कारण विचारायचं नाही. तिथे नाही, उतरताना नाही, खाली टपरीवर चहा पितानाही नाही. आणि रोवणाऱ्याने आपली काठी आपण उपटायची नाही. दुसऱ्या कुणीतरी ती काढून त्याच्या हातात द्यायची. त्याचा अर्थ, समजलं, चल.

"कारण विचारलं की वाद सुरू होतो," भाऊकाका म्हणायचे. "आणि कड्यावरच्या वादात खरं बोलणारा हरतो, छान बोलणारा जिंकतो. मग दोघांनाही खालून उचलून आणावं लागतं."

मी सोळा वर्षांची असताना अंजनेरीच्या एका आडवाटेवर काठी रोवली होती. मला पाळी आली होती आणि त्या सगळ्या बाप्यांमध्ये मी एकटी मुलगी होते. भाऊकाकांनी काठी काढली, माझ्या हातात दिली आणि मागे फिरले. धुसफुसत का होईना, सगळे फिरले. त्यातल्या कित्येकांना आज नातवंडं आहेत, पण अजून एकानेही मला कारण विचारलेलं नाही. ह्या नियमावर माझा जीव का आहे, ते एवढ्यावरून कळावं.

हे सगळं सांगते आहे ते माझ्या भावासाठी, सारंगसाठी, आणि त्याच्या बायकोसाठी. मी शलाका. नाशिकला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे सोपं करून सांगायची आणि "कळलं का?" असं पुन्हा पुन्हा विचारायची मला खोड आहे. सारंग माझ्या पाठचा. मृण्मयी आमच्याच मंडळातली. ती नवीन आली तेव्हा तिची काठी सारंगने स्वतः तासून, घासून, तेल लावून दिली. भाऊकाका म्हणाले, "झालं. अणी कुणाला टोचली ते दिसलं."

पुढे मृण्मयीने बर्फाचा अभ्यास धरला आणि मनालीजवळच्या एका संशोधन केंद्रात लागली. सारंग सर्व्हेयरची इथली नोकरी सोडून तिच्यामागे गेला. आई म्हणाली, "मुली सासरी जातात हे ऐकलं होतं. आमच्याकडे मुलगाच गेला." पण बोलताना हसत होती. बर्फ घेऊन येईन, फ्रीजमध्ये ठेव, असं सारंग तिला दरवेळी सांगायचा.

आता थोडं बर्फाबद्दल. कंटाळा करू नका, लागणार आहे.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कोरडा साबुदाणा पसरा. त्यावर पोळपाट ठेवा आणि ओटा तिरपा आहे अशी कल्पना करा. पोळपाट घसरेल की नाही? डोंगरउतारावर नेमकं हेच होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला जे थोडं बर्फ पडतं त्याच्या खाली जमीन ऊबदार असते आणि वर हवा कडक गार. त्या फरकाने बर्फातली वाफ वर सरकते, पुन्हा गोठते, आणि खडीसाखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. नंतरचं बर्फ वारा दाबून दाबून घट्ट करतो. तो झाला पोळपाट. वरून डोंगर पांढराशुभ्र, शांत, फोटो काढावा असा. त्यावर माणसाचं पाऊल पडतं, खालचे दाणे चिरडतात, चीर सैरावैरा पळते आणि अख्खा उतार सुटतो.

पूर्वी काय करायचे? बर्फात खड्डा खणायचा, एक चौकोनी खांब मोकळा करायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. कुठल्या थापेला खांब तुटतो त्यावरून अंदाज. पण शितावरून भाताची परीक्षा होते, बर्फाची होत नाही. इथे पक्कं, दहा पावलांवर पोकळ. म्हणून जुन्या लोकांनी आणखी एक शिस्त ठेवली होती. उतार ओलांडायचा तो एकेकाने. एक चालतो, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावरची नजर काढत नाहीत. तो गाडला गेलाच तर कुठे गाडला गेला ते तरी माहीत असावं.

गावातल्या म्हाताऱ्यांचे आडाखे असायचे, कुठला नाला कधी सुटतो याचे. पण गेल्या वीस वर्षांत हिवाळेच बिघडले. जानेवारीत पाऊस, मार्चमध्ये कमरेएवढं बर्फ. म्हातारे स्वतःच म्हणायला लागले की आता आम्हाला विचारू नका.

मृण्मयीचं यंत्र इथे कामाला आलं. हिमकर्ण. उन्हाळ्यात उतारावर, मातीत वितभर खाली, केसाएवढ्या काचेचा लांबच लांब तंतू पुरायचा. त्यातून लेझरचे ठोके सोडायचे. तंतू कुठेही अगदी नावालाही ताणला गेला तर परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे प्रत्येक हातभर तंतू हा एक कान झाला. बर्फातले दाणे मोडायच्या आधी बारीक कुरकुरतात. माणसाला ते ऐकू येत नाही, हिमकर्णाला येतं. सगळ्या उताराची कुरकुर मोजून तो वाटसरूच्या मनगटपट्टीवर रंग दाखवतो. लाल, थांब. हिरवा, जा. किती माणसं एका वेळी गेलेली चालतील, तेही सांगतो.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. पावलं. माणूस उतारावर चालायला लागला की धप् धप् आवाजात दाण्यांची कुरकुर बुडून जायची. ज्याचा जीव वाचवायचा तोच गोंगाट करतो, असं मृण्मयी म्हणायची. म्हणून तिने एक गाळणी लिहिली. खरी नव्हे, गणिताची. पावलांचा आवाज ओळखायचा आणि पुसून टाकायचा, चहाचा चोथा गाळावा तसा. ह्या गाळणीला शिकवायला हजारो पावलं हवी होती. ती सारंगने दिली. तीन हिवाळे तो त्या उतारांवर चालला. हळू, भरभर, ओझं घेऊन, लंगडत, काठी टेकत, काठी न टेकता.

"काय करतोस रे दिवसभर?" मी फोनवर विचारायची.

"स्वतःला मिटवतोय," तो म्हणायचा. "आज बरंचसं जमलं. मृण्मयीला आता मी ऐकूच येत नाही."

"ते तर लग्नापासूनच," मी म्हणायची, आणि मागून मृण्मयीचा आवाज यायचा, "ताई, ऐकू येतंय हं मला!"

किती हसायचो आम्ही.

हिमकर्णाची शेवटची परीक्षा सुंबल जोतवर होती. जोत म्हणजे तिकडच्या बोलीत खिंड. मान्यता देणारी समिती खाली गावात पडद्यासमोर बसणार आणि मृण्मयी स्वतः हिरव्या रंगावर भरवसा ठेवून खिंडीखालचा मोठा उतार ओलांडणार, असं ठरलं होतं. सोबतीला सारंग. अंगरूप नावाचा तिथला वाटाड्या पहाटेच दोन हमालांसह पलीकडे जाऊन तंबू ठोकणार होता. पलीकडचा तळ उंचावर होता आणि तिथून रस्ता दोन दिवसांच्या चालीवर. अलीकडून मात्र मागे फिरलं तर दुपारपर्यंत गावात.

ह्यापुढचं मी पाहिलेलं नाही. मृण्मयीने सांगितलं तसं सांगते. तिने ते मला एकदाच सांगितलं, पण काहीही न वगळता.

सकाळी दोघं उताराच्या कडेला पोहोचले. आकाश स्वच्छ होतं. मनगटावर हिरवा उमटला, दोघांनी एकदम गेलं तरी चालेल अशी खूण आली. मृण्मयीच्या कानातल्या वायरलेसवर समितीतले कुणीतरी विचारत होते, निघताय ना? ती "हो, निघतोय" म्हणाली आणि वळली. सारंगने आपली वेळूची काठी बर्फात रोवलेली होती. तो एक पाऊल मागे उभा होता.

बाकी सगळे ॲल्युमिनियमच्या काठ्या वापरायचे. हिमालयात वेळूची काठी घेऊन फिरणारा तो एकटाच. हमाल त्याला हसायचे.

"सारंग?" ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. नियमच तसा.

तिला वाटलं, बर्फाची भीती वाटली. साहजिक आहे. सहा वर्षं ती रात्रंदिवस बर्फाचाच विचार करत होती. कुणी नाही म्हटलं तर ते बर्फालाच, असं तिच्या मनाने घेतलं. ती त्याच्याजवळ गेली, मनगट त्याच्यापुढे धरलं. एकेक आकडा दाखवला. दाण्यांची कुरकुर किती कमी, वरचा थर किती घट्ट. "बघ, इतका पक्का उतार मी आजवर पाहिला नाही," ती म्हणाली. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

सारंगने आकडे बघितले. हसला. "हाताच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणाला. आणि त्याने आपली काठी स्वतःच उपटली.

दोघं निघाले. ती पुढे, तो थोडं अंतर ठेवून मागे. जुन्या शिस्तीने तो चालताना ती थांबून बघत राहिली असती, पण दोघांनी एकदम जायला हरकत नव्हती. तिची नजर मनगटावर होती. रंग एकदाही बदलला नाही. बर्फाचा एक दाणाही हलला नाही. खाली गावात टाळ्या वाजल्या. त्या तिला कानात ऐकू आल्या.

पलीकडे पोहोचल्यावर सारंग खोकत होता. आदल्या दिवसापासूनच खोकत होता, घसा बसलाय म्हणत होता. तळावर पोहोचेपर्यंत त्याचे ओठ निळसर झाले. उंचीवर कधी कधी फुप्फुसांत पाणी साठतं. धडधाकट, सरावाच्या माणसालाही होतं. त्यावर खरं औषध एकच, खाली उतरणं. खाली उतरायची वाट खिंडीच्या अलीकडे राहिली होती. दुपारी ढग आले, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. प्राणवायूची नळकांडी पुरली नाहीत. उजाडायच्या आत तो गेला.

दहाव्याला गोदाकाठी सगळं मंडळ आलं होतं. पिंडाला कावळा शिवेना. कुणीतरी म्हणालं, काही इच्छा राहिली असेल. मृण्मयी माझ्या शेजारी बसली होती. तेव्हाच तिने काठीची गोष्ट मला सांगितली, हलक्या आवाजात, घाटाकडे बघत.

मी तिला म्हणाले, "कारण विचारलंस त्याला? नियम मोडलास?"

"नाही ताई," ती म्हणाली. "विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी उत्तर दिलं. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू? इतका राग आला की पुढे चार वर्षं आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. ती आईला फोन करायची, आई मला सांगायची. सारंगची काठी भाऊकाकांनी आमच्या दाराआड उभी करून ठेवली होती. कुणी ती हलवली नाही. आई केर काढायची तीही तिच्या भोवतीने.

हिमकर्णाला मान्यता मिळाली. का मिळू नये? यंत्र अचूक होतं. बघता बघता सगळ्या खिंडींत तंतू पुरले गेले. बर्फाखाली गाडली जाणारी माणसं जवळजवळ थांबली, आणि ही थोडी गोष्ट नाही, हे मी रागातही कबूल करत होते. पण एकेकाने उतार ओलांडायची शिस्त गेली. कशाला थांबायचं? कोण कुणाकडे बघत उभं राहणार? हिरवा लागला की सगळे रांगेने निघायचे, प्रत्येकाची मान मनगटाकडे. आमच्या मंडळातून हिमालयात जाणाऱ्या नव्या पोरांनाही मी पाहिलं. काठ्या घ्यायची, फोटो काढायची आणि घरी ठेवून यायची. कुणी कचरला की दुसरा म्हणायचा, अरे, हिरवा आहे ना! एवढ्यावर बोलणं संपायचं.

चार वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, एका दुपारी मृण्मयी न कळवता आमच्याकडे आली. केस पांढरे व्हायला लागले होते. आई आत झोपली होती. मी चहा टाकला. साखर किती हे मी विचारलं नाही आणि बरोबर घातली, याचं मलाच नवल वाटलं.

"ताई, तुला एक ऐकवायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला ओळखता येणार नाही."

हिमकर्णाची नवी आवृत्ती येणार होती. माणसं चालताना दमली आहेत का, आजारी आहेत का, हे त्यांच्या पावलांवरूनच कळावं, अशी तिची कल्पना होती. त्यासाठी गाळणीने टाकून दिलेला आवाज पुन्हा हवा होता. मूळ नोंदी सगळ्या जपून ठेवलेल्या होत्या. तिने सुंबल जोतची नोंद काढली आणि गाळणी उतरवून ऐकली.

तिने माझ्या कानांवर हेडफोन ठेवले.

आधी नुसती घरघर. मग पावलं. दोन माणसांची. एक पाऊल सरळ, नेमकं, टपटप. दुसरं किंचित लांबणारं. लहानपणी गंगापूरच्या कालव्यात उडी मारताना सारंगचा डावा घोटा दुखावला होता, तेव्हापासून तो पाय तो जरासा ओढायचा. घराच्या जिन्यात मी ते पाऊल आयुष्यभर ऐकलं आहे. आई रे! माझा भाऊ चालत होता.

पावलं थांबली. मग एक ठोका आला. टेकल्याचा नव्हे. दोन्ही हातांनी उचलून घातलेला, खोल जाणारा. नंतर काहीच नाही, कारण मातीतल्या तंतूला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. मग काठी उपटल्याची ओढ. मग दोघांची पावलं.

"आता ऐक," मृण्मयी म्हणाली. तिला वेळ पाठ होती.

उताराच्या मध्यावर कुठेतरी सारंगची पावलं आखडली. दोन पावलं, थांबला. एक पाऊल, थांबला. मृण्मयीची पावलं तशीच पुढे चाललेली, टपटप. आणि मग पुन्हा तो ठोका. खोल. दोन्ही हातांचा. त्यानंतर एक पाऊल मागे.

त्याने काठी पुन्हा रोवली होती.

मृण्मयीची पावलं दूर दूर जात राहिली. सारंगची नव्हतीच. तो उभा होता. काठी रोवून, मागे सरून, कुणीतरी वळून यावं आणि ती काढून हातात द्यावी, म्हणून उभा होता. बराच वेळ. मग एक ओढ ऐकू आली, आणि पुढे ते ओढलेलं पाऊल सुरू झालं.

मी हेडफोन काढले. चहावर साय धरली होती.

"काठीच होती ना ताई?" तिने विचारलं.

सगळी चार वर्षं माझ्या मनात जे काही साठलं होतं ते तेव्हा बोलून टाकायला मोकळीक होती. सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात, आणि इथे ती स्वतःहून कान पुढे करून बसली होती. पण तिच्याकडे बघितलं आणि माझं धैर्य झालं नाही. की दया आली, माहीत नाही.

"दम खायला टेकली असेल," मी म्हणाले.

"टेकलेली काठी काढायला इतका जोर लागत नाही," ती म्हणाली. "मी मोजलाय."

मग ती रडली. मी पण. आत आई उठल्याचा आवाज झाला तशी मृण्मयीने पदराने नव्हे, ओढणीने डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "त्याचीच पावलं देऊन त्याची पावलं पुसायला शिकवलं ग मी. हिमकर्णाने सगळं ऐकलं होतं. ऐकलं आणि मी सांगितलं होतं तसं फेकून दिलं."

त्या दिवशी ती जेवूनच गेली. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती.

नव्या आवृत्तीत तिला एकच गोष्ट घालायची होती. उतारावर कुणीही काठी रोवली, तो ठोका तंतूने ऐकला, की सगळ्या तुकडीच्या मनगटावर लाल. कारण विचारायचं नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीतल्या लोकांना ते पटेना. विनाकारण लाल कसा होईल? पर्यटक तक्रार करतील. विमेवाले काय म्हणतील? वर्षभर भांडून शेवटी तोडगा निघाला. ठोका ऐकला की लाल होईल, पण पट्टी कारण विचारेल. यादीतून निवडायचं. नाही निवडलं तर थोड्या वेळाने रंग पुन्हा हिरवा.

"ताकाला जाऊन भांडं लपवतात झालं," मी फोनवर म्हणाले. "नाही म्हणायची सोय द्यायची आणि वर चौकशी लावायची."

"मी कागदावर सही केली ताई," ती म्हणाली. "काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून. भाऊकाका आज हयात असते तर बोलले असते मला."

पुढच्या वसंतात मीच तिला म्हणाले, मला सुंबल जोत ओलांडायचीय. पलीकडच्या तळावर अंगरूपने सारंगसाठी दगडांची रास रचली होती. मी ती कधी बघितली नव्हती. सारंगची काठी तिथे नेऊन ठेवायची असं माझ्या मनाने घेतलं होतं. आई म्हणाली, ने बाई, आता माझ्याच्याने केर काढवत नाही तिच्या भोवतीने. वयाच्या ह्या टप्प्यावर मी जिने चढून, टेकड्या चढून दम वाढवला. कॉलेजातली पोरं हसायची. हसू देत.

मृण्मयी आली. अंगरूप पहाटे पुढे गेला, पूर्वीसारखाच. आम्ही दोघी उताराच्या कडेला पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. इतका सुंदर उतार. मी पलीकडची खिंड बघितली, तिच्यावरचं निळं आकाश बघितलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आता तासाभरात मी त्याच्याजवळ असेन. पट्टीवर हिरवा उमटला. दोघींनी एकदम जायला हरकत नाही.

"तू आधी जा," मी म्हणाले. "मी इथून बघते. मग मी येईन, तू बघ."

तिने मान हलवली. दोन पावलं पुढे गेली. थांबली. मग तिने आपली काठी, सारंगने तासून दिलेली ती जुनी काठी, दोन्ही हातांनी उचलली आणि बर्फात रोवली. आणि एक पाऊल मागे सरली.

आमच्या दोघींच्या मनगटांवर लाल लागला आणि पट्ट्या टुणटुण वाजायला लागल्या. कारण निवडा. थकवा. आजारपण. साधनसामग्रीत बिघाड. हवामानाविषयी शंका. अन्य.

माझ्या जिभेवर प्रश्न आला. खरंच आला. बर्फाने काही केलं का, की दम लागला, की त्या राशीसमोर उभं राहण्याची हिंमत होईना, की मध्यावरची ती जागा ओलांडवेना? मी एवढी लांब आले होते. पुन्हा येणं माझ्याच्याने होणार नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं. माझ्या हातात सारंगची काठी होती. "मृण्मयी, बर्फ पक्कं आहे" हे वाक्य माझ्या तोंडात अगदी तयार होतं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. काठीकडे बघत उभी होती.

मी पट्टी मनगटावरून काढली आणि वाजत होती तशीच खिशात घातली. पुढे गेले. तिची काठी धरली, जोर लावून उपटली आणि तिच्या हातात दिली.

आम्ही परत फिरलो. ती पुढे, मी मागे, आणि गावापर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही. खाली टपरीवर चहा घेतला. सारंगची काठी आता पुन्हा आमच्या दाराआड आहे. मी तिला कारण विचारलेलं नाही.